फौज मध्येच सोडण्याआधी तारीख मोजा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अग्निवीरांच्या पहिल्या तुकडीची चार वर्षे २०२६ च्या अखेरीस भरतात. त्या निमित्ताने ‘फौजेतून परतल्यावर पुढे काय’ यावर बरेच छापून येते, आणि ते यायलाच हवे. पण मुदत भरण्याआधी स्वतःहून अर्ज करून बाहेर पडणाऱ्या जवानांबद्दल फारसे कुणी लिहीत नाही. त्यात क्लार्क, स्टोअरकीपर, ड्रायव्हर, मेकॅनिक, नर्सिंग असिस्टंट, कुक अशी बिगरलढाऊ कामे करणारी मुलेही असतात. बदलापूरपासून विरारपर्यंत अशी घरे आहेत, जिथे मुलगा सुट्टीवर आला की ‘तिकडे नुसतं लंगरच (फौजेचे स्वयंपाकघर) सांभाळायचं तर इकडे येऊन काहीतरी धंदा कर’ असा सल्ला जेवणाच्या ताटावर दिला जातो. सल्ला देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला, दोघांनाही काही तारखा आणि काही कागद माहीत असलेच पाहिजेत. म्हणून हे पत्र.

आधी त्या ‘नुसतं’ या शब्दाबद्दल. भरती अकादमीच्या फलकावर कमांडोचा फोटो असतो. सैन्याच्या जाहिरातीत मात्र जनरल ड्युटीच्या शेजारीच टेक्निकल, क्लार्क आणि स्टोअरकीपर टेक्निकल, ट्रेड्समन असे रकाने असतात. ‘कुठेही लागू दे, पण लागू दे’ म्हणून फॉर्म भरला जातो आणि ट्रेनिंग संपल्यावर हातात लेजर, स्पॅनर नाहीतर पातेले येते. मुलगा खट्टू होतो, घरचे त्याहून जास्त. दरमहा ५,२०० रुपयांचा मिलिटरी सर्व्हिस पे नियमित सेवेतल्या कुकला आणि पायदळाच्या जवानाला सारखाच मिळतो, हे त्यांच्यापैकी कितीजणांना ठाऊक असते?

पंधरा हजार फुटांवरच्या चौकीत पाणी सुमारे ८५ अंशांवरच उकळते. उघड्या भांड्यात राजमा तासन्‌तास उकळला तरी दाणा कडकच राहतो, म्हणून सगळा भार प्रेशर कुकरवर. कुकरची रबरी रिंग थंडीने ताठ होते आणि झाकणातून वाफ सुटते. रॉकेलच्या स्टोव्हची नळी काजळीने भरली की ज्योत पिवळी पडते आणि खोलीभर धूर होतो. बंद बंकरमध्ये तो धूर जीवावर बेततो, म्हणून बाहेर वाराबर्फ असला तरी झरोका उघडा ठेवावाच लागतो. पहिली गस्त निघण्याआधी चहा-पुरी तयार हवी, म्हणजे कुकने पहाटे तीन-साडेतीनला उठायचे. गस्तीच्या पोटात वेळेवर गरम अन्न गेले नाही तर ती गस्त किती चालेल?

ड्रायव्हरचेही तसेच. झोजी ला खिंड आणि पलीकडचे रस्ते उघडे असतात तेवढ्या महिन्यांत लडाखचा अख्ख्या हिवाळ्याचा शिधा, इंधन, औषधे वर पोचवावी लागतात. कडाक्याच्या थंडीत बॅटरी उतरते आणि साधे डिझेल मेणासारखे घट्ट होऊन फिल्टरमध्ये अडकते. उणे ३३ अंशांपर्यंत वाहते राहणारे हिवाळी डिझेल लडाखसाठी बाजारात आले ते २०१९ मध्ये. उतारावर ब्रेकवर पाय ठेवून बसणारा ड्रायव्हर ब्रेक तापवून गाडी घालवतो. खालच्या गिअरमध्ये इंजिनाच्या जोरावर उतरणारा गाडी आणि मागचा सगळा काफिला वाचवतो. आणि भांडाराची नोकरी सुरक्षित असते असे ज्यांना वाटते त्यांनी आपल्याच राज्यातले पुलगाव आठवावे. २०१६ च्या मे महिन्याच्या अखेरच्या रात्री तिथल्या केंद्रीय दारूगोळा भांडारात आग लागली. त्या आगीत दोन लष्करी अधिकारी आणि अग्निशमन दलाचे अनेक कर्मचारी गेले. यातला कुणीही सीमेवर नव्हता.

काम कमी प्रतीचे वाटते म्हणून नोकरी सोडू नये, एवढ्याचसाठी हे सांगितले. घरची खरी अडचण, आजारी आईवडील, मोडायला आलेला संसार ही कारणे वेगळी आहेत, आणि त्या कारणांनी सोडणाऱ्याला कुणी नावे ठेवू नयेत. पण कारण कोणतेही असो, हिशेब एकच आहे, आणि तो पंधरा वर्षांच्या रेघेवर येऊन थांबतो.

जवानाला पेन्शनसाठी किमान १५ वर्षांची अर्हताकारी, म्हणजे पेन्शनसाठी मोजली जाणारी, सेवा लागते. ती भरली की शेवटच्या वेतनाच्या निम्मे पेन्शन, वर महागाई मदत. मूळ वेतन आणि मिलिटरी सर्व्हिस पे मिळून ४०,००० रुपये धरा. पेन्शन बसेल २०,०००. हाच जवान १४ वर्षांवर स्वतःहून निघाला तर त्याला पेन्शनऐवजी सर्व्हिस ग्रॅच्युइटी मिळते. दर सहा महिन्यांच्या सेवेमागे अर्ध्या महिन्याचे वेतन, म्हणजे महागाई भत्ता बाजूला ठेवून २८ गुणिले २०,०००, एकूण ५ लाख ६० हजार. रक्कम एकदम हातात येते म्हणून मोठी दिसते. प्रत्यक्षात ते पेन्शनचे २८ हप्ते आहेत. अडीच वर्षांपेक्षाही कमी काळाचे पैसे घेऊन माणूस जन्मभराच्या पेन्शनवर, बायकोच्या कौटुंबिक पेन्शनवर आणि ईसीएचएस या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेतल्या औषधपाण्यावर पाणी सोडतो. मृत्यू-नि-सेवानिवृत्तीची ग्रॅच्युइटी, प्रॉव्हिडंट फंड आणि ग्रुप इन्शुरन्सची जमा रक्कम दोघांनाही आपापल्या हिशेबाने मिळते, त्यामुळे तुलनेत ती धरू नये.

दुसरी गोष्ट तर त्याहून जिव्हारी लागणारी आहे, कारण ती कळते तेव्हा फार उशीर झालेला असतो. पेन्शनची पात्रता येण्याआधी स्वतःच्या विनंतीवरून बाहेर पडलेला जवान केंद्र सरकारच्या व्याख्येनुसार ‘माजी सैनिक’ ठरत नाही. स्वतःहून निघाला तरी पेन्शन मिळवून निघालेला ठरतो. सेवेमुळे आलेल्या दुखण्यावरून वैद्यकीय कारणाने सोडलेला ठरतो. ठरलेली मुदत भरून ग्रॅच्युइटी घेऊन आलेलाही ठरतो. बारा-तेरा वर्षे वर्दी घातलेला, पण अर्ज करून आलेला मात्र नाही. मग राज्याच्या गट क आणि गट ड मधले १५ टक्के समांतर आरक्षण, केंद्राच्या गट क मधले १० टक्के, बँकांच्या क्लार्क भरतीतले साडेचौदा टक्के, वयातली सवलत, यातले काहीच हाती लागत नाही. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात ओळखपत्र मागायला गेल्यावर हे समजते. तिथल्या कर्मचाऱ्याशी वाद घालून उपयोग नसतो; त्याच्याकडे नियम आहे आणि तो त्यात बसवू शकत नाही.

आता ‘पंधरा’ कसे मोजायचे? भरतीच्या तारखेपासून कॅलेंडर पाहून मोजले तर फसाल. सुट्टीवरून उशिरा आल्याचे जे दिवस नियमित झालेले नाहीत, विनापरवानगी गैरहजेरीचे दिवस, शिक्षा म्हणून कोठडीत काढलेले दिवस हे अर्हताकारी सेवेत धरत नाहीत. नव्या नोकरीत कधीतरी वीस दिवस उशिरा हजर झालेला मुलगा ते विसरून जातो, पण शीट रोल, म्हणजे त्याची सेवानोंद, विसरत नाही. म्हणून अर्ज लिहिण्याआधी युनिटच्या हेड क्लार्ककडून नॉन-क्वालिफाइंग (न मोजली जाणारी) सर्व्हिस किती दिवसांची आहे हे लेखी घ्यावे आणि १५ वर्षांपुढे निदान दोन-तीन महिने राखून तारीख मागावी. ‘थोडे कमी पडले तर माफ करतात’ असे लंगरात सांगणारे भेटतात. बारा महिन्यांपर्यंतची तूट माफ करण्याची सोय आहे, ही गोष्ट खरी. पण स्वतःच्या विनंतीवरून जाणाऱ्याला नियमाने ती लागू नाही. काहींनी सशस्त्र दल न्यायाधिकरणात जाऊन ती मिळवली; मुंबईतही त्याचे खंडपीठ आहे. तिथली वर्षे आणि वकिलाचा खर्च मोजला तर युनिटमध्येच आणखी काही महिने काढणे केव्हाही स्वस्त.

पंधरा वर्षे झाल्यावर, पण मुदत भरण्याआधी अर्ज करणाऱ्यांसाठीही एक बाब आहे. ‘वन रँक वन पेन्शन’चा, म्हणजे समान हुद्दा आणि समान सेवेला समान पेन्शन देऊन ती ठरावीक काळाने सुधारण्याचा, ७ नोव्हेंबर २०१५ चा आदेश सांगतो की यापुढे स्वतःच्या विनंतीवरून निघणाऱ्यांना त्याचा लाभ मिळणार नाही. या मुद्द्यावर न्यायालयीन लढाया झाल्या आहेत. पण नव्याने अर्ज करणाऱ्याने, पेन्शन मिळेल पण वेळोवेळी होणारी ती वाढ मिळणार नाही, असे धरूनच चालावे.

अग्निवीरांचे गणित याहून थोडक्यात उरकते. चार वर्षांच्या आत स्वतःहून बाहेर पडण्याची सर्वसाधारण परवानगीच नाही. अपवाद म्हणून वरिष्ठांनी मंजूर केले तरच. आणि तसे झाले तर सेवा निधीतले, म्हणजे मुदतीअखेर एकरकमी मिळणाऱ्या जमेतले, फक्त स्वतःचे पैसे व्याजासह मिळतात, सरकारचा तेवढाच वाटा मिळत नाही. पहिल्या वर्षी महिन्याला ९,००० आणि दुसऱ्या वर्षी ९,९०० कापले जातात. दोन वर्षांनी सोडणाऱ्याचे स्वतःचे २ लाख २६ हजार ८०० रुपये होतात, आणि तेवढीच सरकारी रक्कम तो सोडून येतो. ज्याची दोनच वर्षे उरली आहेत त्याने ती काढावीत, हे आमचे स्पष्ट मत.

अर्जाची वाट आता सांगतो. आर्मी रूल्स १९५४ मधल्या नियम १३ खाली, भरतीच्या अटी पुऱ्या होण्याआधी स्वतःच्या विनंतीवरून डिस्चार्ज मिळू शकतो. तो हक्क नाही. कमांडिंग ऑफिसरला कारण पटले पाहिजे आणि युनिटचे संख्याबळ फार खाली जाता कामा नये, असे नियमातच लिहिलेले आहे. म्हणून ‘घरगुती अडचण’ एवढे दोन शब्द लिहिलेला अर्ज परत येतो. आई अंथरुणाला खिळली असेल तर रुग्णालयाचे कागद, घरात दुसरा कर्ता माणूस नसेल तर तलाठी किंवा सरपंचाचा दाखला, आणि कारण नेमके काय ते चार ओळींत. कंपनीतून अर्ज सीओच्या (कमांडिंग ऑफिसरच्या) मुलाखतीला जातो, तिथून जवानांच्या नोंदी ठेवणाऱ्या रेकॉर्ड ऑफिसला. तोफखान्याचे रेकॉर्ड नाशिक रोडला, मराठा लाइट इन्फंट्रीचे बेळगावला, बॉम्बे सॅपर्सचे खडकीला, ईएमई आणि ऑर्डनन्सचे सिकंदराबादला, सिग्नल्सचे जबलपूरला. मंजुरी आल्यावर मन बदलले तर अर्ज मागे घेणे फार अवघड जाते, कारण जागेवर दुसरा माणूस नेमायची तयारी सुरू झालेली असते. मग सेंटर किंवा डेपोत डिस्चार्ज ड्रिल: किट जमा, ओळखपत्र जमा, सगळ्या विभागांचा ‘काही येणे नाही’ असा नो डिमांड दाखला, रिलीज मेडिकल, पेन्शनच्या फॉर्मवर सह्या. स्टोअरकीपरने इथे विशेष सावध राहावे. चार्ज देताना लेजरवरचा आकडा आणि रॅकवरचा माल समोरच्यासमोर मोजून घेणाऱ्याची सही घेतली नाही, तर पुढे निघालेली तूट त्याच्या नावावर येऊन हिशेब अडकतो.

रिलीज मेडिकलमध्ये घरी जायच्या घाईत ‘सगळं ठीक’ असे सांगू नका. वर्षानुवर्षे ट्रक चालवून कंबर गेली असेल, वर्कशॉपमधल्या इंजिनांनी कानाला कमी ऐकू येत असेल, तर ते नोंदवून घ्या. १ जानेवारी २००६ पासून पुढे स्वतःच्या विनंतीवरून निघालेल्यालाही, दुखणे सेवेमुळे आलेले ठरले तर, अपंगत्वाचा लाभ मागता येतो. ‘शेप-वन’वर, म्हणजे पूर्ण तंदुरुस्त या श्रेणीवर, सही करून आल्यावर तेच दुखणे सेवेतले होते हे दाखवणे कठीण.

पण सर्वात जास्त कामे अडतात ती नावावरून, आणि हे दुखणे खास आपल्याकडचे आहे. लग्नानंतर मुलीचे आडनाव तर बदलतेच, मधले नाव नवऱ्याचे लागते आणि कित्येक घरांत तांदळात अक्षर काढून पहिले नावही नवे ठेवतात. मग शाळेच्या दाखल्यावर सुनंदा रामचंद्र, आधारवर स्वाती संतोष, पॅनवर तिसरेच स्पेलिंग, आणि फौजेच्या किंड्रेड रोलमध्ये (कुटुंबीयांच्या नोंदीत) लग्नाच्या वेळी घाईत सांगितलेले चौथे. लग्न आणि मुलांचे जन्म युनिटमध्ये ‘पार्ट टू ऑर्डर’ (नोंदीचा लेखी आदेश) निघाल्यावरच फौजेच्या लेखी खरे ठरतात. पेन्शन आता ‘स्पर्श’ या ऑनलाइन प्रणालीतून येते, तिथे एका अक्षराचा फरकही खटकतो. जवान नोकरीत असेपर्यंत ही दुरुस्ती युनिटच्या क्लार्ककडे जाऊन, कागद देऊन होते. बाहेर पडल्यावर तेच काम रेकॉर्ड ऑफिसशी पत्रव्यवहार करून, प्रतिज्ञापत्रे जोडून, महिनोन्‌महिने चालते. नवऱ्याच्या माघारी विधवेला ते करावे लागले तर तिचे हाल विचारू नका.

म्हणून सोडायचा विचार डोक्यात आला की पहिल्या सुट्टीतच हे काम हाती घ्यावे. महापालिकेच्या विभाग कार्यालयातून विवाह नोंदणीचा दाखला, मुलांचे जन्मदाखले, आणि बायकोचे पहिले नाव बदलले असेल तर राज्य शासनाच्या राजपत्रात नावबदलाची नोंद. तिची प्रत घेऊन आधी आधार आणि पॅन एकसारखे करायचे, मग युनिटमध्ये जाऊन पार्ट टू ऑर्डर. हा क्रम उलटा केला तर दोनदा फेरे पडतात. पेन्शनसाठीचे बँक खाते बायकोबरोबर संयुक्त आणि ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ (दोघांपैकी कुणीही किंवा मागे राहिलेला) असे उघडावे. ऑर्डरची छापील प्रत स्वतःजवळ ठेवा. ‘निघाली आहे’ एवढ्यावर विश्वास ठेवून येऊ नका.

अर्ज नामंजूर झाला म्हणून सुट्टीवरून परतच न जाणे, ही सर्वात वाईट वाट. तीस दिवस गैरहजर राहिल्यावर कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसते आणि गावच्या पोलिसांकडे पकडण्याचे पत्र येते. आर्मी ॲक्टच्या कलम ३९ खाली गैरहजेरीला तीन वर्षांपर्यंत कैद आहे, कलम ३८ खाली पलायनाला शांततेच्या काळातही सात वर्षांपर्यंत. मुंबईत कुणाच्या तरी गोदामावर नाव बदलून काम करणारी अशी मुले पुढे पासपोर्ट काढू शकत नाहीत, सरकारी नोकरीची पडताळणी पार करू शकत नाहीत. शिस्तभंगाच्या शिक्षांच्या चार ‘रेड इंक’, म्हणजे लाल शाईतल्या नोंदी, झाल्या की घरी पाठवतात असे समजून मुद्दाम गुन्हे करणारेही असतात. चार नोंदींवर डिस्चार्ज आपोआप होत नाही, एकूण सेवा आणि परिस्थिती तपासावी लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये स्पष्ट केले आहे. आणि झालाच, तर तो डिस्चार्ज पुढे प्रत्येक दारात आडवा येतो.

सोडण्याआधी करून पाहण्यासारखे आणखी काही आहे. घरच्या अडचणीवर काही काळासाठी घराजवळची कम्पॅशनेट पोस्टिंग मागता येते. गावच्या जमिनीच्या वादावरून नोकरी सोडायला निघालेल्यांनी सीओकडून जिल्हाधिकाऱ्यांना पत्र जाऊ द्यावे. शिवाय १९२५ चा सैनिक खटला कायदा काही विशिष्ट परिस्थितीत सेवेत असलेल्या सैनिकाच्या गैरहजेरीत दावा पुढे रेटण्याला आळा घालतो. बांधाच्या वादासाठी पेन्शन घालवू नये.

मुंबईत येऊन काय करणार, याचे उत्तर ट्रेडप्रमाणे बदलते. ड्रायव्हरने नोकरीत असतानाच आरटीओचा परवाना काढावा. हलक्या वाहनाचा परवाना वर्षभर जुना झाल्याशिवाय ट्रान्सपोर्टचे शिकाऊ लायसन्स मिळत नाही, आणि फौजेत स्टॅलियन ट्रक हाकल्याचा अनुभव या एका वर्षाची जागा घेत नाही. स्टोअरकीपरला भिवंडी-पनवेलच्या गोदामांत खरी मागणी आहे. जुना माल आधी काढणे, रॅकची मांडणी, मोजदाद ही त्याची रोजची सवय. त्याला एक्सेल, ई-वे बिल आणि जीएसटीची कागदपत्रे मात्र शिकून यावे लागते. नर्सिंग असिस्टंटला नर्सिंग कौन्सिलची नोंदणी आपोआप मिळत नाही, त्यामुळे रुग्णालयात ‘नर्स’ म्हणून लागेन या भरवशावर अर्ज करू नये. मेकॅनिकने ट्रेडचा क्लास आणि कौशल्य प्रमाणपत्र डिस्चार्जच्या कागदांत असल्याची खात्री करावी. सिक्युरिटीत जाणाऱ्या माजी सैनिकाला १६० तासांऐवजी ५६ तासांचे प्रशिक्षण पुरते. इथेही पुन्हा ‘माजी सैनिक’ ठरण्याचाच प्रश्न येतो. मुदत भरत आलेल्या जवानांना पुनर्वसन महासंचालनालयाचे २४ आठवड्यांपर्यंतचे कोर्स सरकारी खर्चाने मिळतात. शेवटच्या वर्षात नागरी नोकरीसाठी माजी सैनिकाच्या सवलतीसह अर्जही करता येतो. घाईने निघणारा या दोन्ही संधी मागे टाकून येतो.

आमची मागणी साधी आहे. भरती मेळाव्यात निवड झालेल्या प्रत्येक मुलाच्या हाती आणि त्याच्या आईवडिलांच्या हाती मराठीतले एक पान द्यावे. त्यावर त्याचा ट्रेड कोणता, त्यात रोजचे काम काय, सेवेच्या कोणत्या वर्षी सोडले तर काय मिळते आणि काय जाते, एवढे छापलेले असावे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयांनी तेच पान दर्शनी भागात लावावे. आणि जे आज सुट्टीवर घरी आले आहेत त्यांनी परत जाताना पिशवीत विवाह नोंदणीचा दाखला आणि मुलांचे जन्मदाखले टाकावेत.

आपले,
दोन माजी सैनिक, क्लार्क व स्टोअरकीपर ट्रेड
मुलुंड, मुंबई